सीएचं स्थळ

तपासलं मला आणि सांगितलं मुलाला. माझा सगळा राग इथून सुरू होतो, म्हणून इथूनच सांगते.

डाव्या बाजूची गाठ लागली ती माझ्याच हाताला. शिवणकाम करणाऱ्या बाईच्या बोटांना असल्या गोष्टी चुकत नाहीत. कापडात एखादा दोरा जाड आला तरी माझं बोट तिथे अडतं. थोरल्याला सांगितलं, तर तो मला मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेला. पडद्याच्या अलीकडे मी उघडी पडलेली, डॉक्टरांची थंडगार बोटं माझ्या काखेत, आणि डॉक्टरांचं तोंड पडद्याकडे. पडद्यापलीकडे थोरला. त्यांचं बोलणं माझ्या अंगावरून इकडून तिकडे चाललेलं. "मोबाइल आहे," डॉक्टर म्हणाले. मला वाटलं माझा फोन वाजतोय. मी म्हटलं, "पर्समध्ये आहे, वाजू दे." दोघंही हसले. गाठ बोटाखाली हलत असेल तर तिला ते मोबाइल म्हणतात, हे मला पुढे कळलं. तेव्हा मात्र मीही त्यांच्याबरोबर हसले होते. त्या हसण्याची मला अजून चीड येते.

मग सुई घालून तुकडा काढला. पुढच्या खेपेला मला बाहेर बाकावर बसवून थोरला एकटाच आत गेला. बाहेर आला तो रुमालाने मान पुसत.

"काही नाही गं आई. लिपोमा आहे."

"म्हणजे काय?"

"तुला नाही कळायचं. साधी गाठ असते. छोटंसं ऑपरेशन करून काढून टाकायची, झालं."

तुला नाही कळायचं. हे वाक्य मी बँकेत ऐकलंय, वकिलाकडे ऐकलंय, नवरा होता तेव्हा घरातही रोज ऐकलंय. पण स्वतःच्या अंगाबद्दल, आणि तेही ज्याला सदऱ्याची गुंडी लावायला मी शिकवलं त्याच्या तोंडून, पहिल्यांदाच ऐकलं. घरी येईपर्यंत मी एक शब्द बोलले नाही. थोरल्याला वाटलं आई घाबरली.

माझ्या दुकानासमोरच्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक वर्ग चालतो. हॉस्पिटलात, दवाखान्यात, म्हाताऱ्यांच्या घरी कामाला जाणाऱ्या मुलींना तिथे शरीराची, आजारांची, औषधांची भाषा शिकवतात. शिकवणाऱ्या बाई निवृत्त नर्स, त्यांना सगळी गल्ली सिस्टरच म्हणते. मुलींचे ॲप्रन मी शिवते, म्हणून आमची ओळख. दुसऱ्या दिवशी मी जिना चढून वर गेले.

"सिस्टर, मला मागच्या बाकावर बसू द्या."

"या वयात नोकरी करायचीय ताई?"

"नाही. भांडायचंय."

सिस्टरनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि बाकावरची पिशवी उचलून मला जागा करून दिली.

मला वाटलं होतं, ही भाषा म्हणजे मोठं अगम्य प्रकरण असणार. तसं काही नव्हतं. शब्दाचे पुढचे मागचे तुकडे वेगळे करायचे, इतकंच. कपडा उसवला की कळतं ना, कुठला भाग कशाला जोडलाय, तसं. शेवटी आयटिस आलं की सूज. ऑमा आलं की गाठ. स्कोपी म्हणजे आत नळी घालून बघणं. ऑटॉमी म्हणजे नुसती चीर, काज पाडतो तशी. एक्टॉमी म्हणजे कापून बाजूला टाकणं. गॅस्ट्रो पोट, नेफ्रो मूत्रपिंड, कार्डिओ हृदय. कार्डिओला मी पहिल्या दिवशी "स्वेटर" असं उत्तर दिलं होतं, कारण मला कार्डिगन आठवलं. मुली बाकावर डोकं ठेवून हसल्या. हसू देत, त्या मला 'मावशी' म्हणायच्या आणि हसून झालं की वही माझ्याकडे सरकवायच्या. पडद्यामागच्या हसण्याशी या हसण्याचा काही संबंध नव्हता.

लिपो म्हणजे चरबी, हे ज्या दिवशी फळ्यावर आलं त्या दिवशी मी मनातल्या मनात तुकडे जोडले. लिपो आणि ऑमा. चरबीची गाठ. म्हणजे थोरला खरं बोलला होता. मला जरा ओशाळल्यासारखं झालं. पोराने साधी गोष्ट साधी म्हणून सांगितली आणि मी आपली फुरंगटून बसले. त्या दिवशी मी त्याच्या पॅन्टचा उसवलेला खिसा न सांगता शिवून ठेवला.

दुसरा एक दिवस लक्षात राहिलाय. भिंतीवर बाईच्या शरीराचा तक्ता टांगलेला होता. सिस्टरनी पट्टी लावून विचारलं, "मॅमो म्हणजे हे. याला आपल्या भाषेत काय म्हणाल?"

 एक मुलगी वहीत काहीतरी गिरवायला लागली, दुसरीला खोकला आला. मी म्हटलं, माझं काय जातंय, आणि मोठ्याने सांगितलं, "छाती."

"छाती म्हणजे थोरॅक्स. हा बरगड्यांचा सगळा पिंजरा. ती पुरुषालाही असते ताई. हे वेगळं."

"आम्ही शिंपी तर छातीच म्हणतो. बाईची असो नाहीतर बाप्याची, मापात छातीच लिहितो."

"शिंप्याचं चालून जातं. हॉस्पिटलात नाही चालत. बाई येते, छातीत दुखतं म्हणते. तिचा ईसीजी काढतात, हृदय ठीक आहे सांगतात, घरी पाठवतात. तिला दुखत असतं दुसरंच. शब्द आहे ना आपल्याकडे? स्तन. म्हणा सगळ्यांनी."

एकेकीने म्हटला. माझी पाळी आली तेव्हा माझी जीभ टाळ्याला चिकटली. सगळं आयुष्य बायकांचे कपडे बेतण्यात गेलं, आणि हा शब्द मी तोंडातून एकदाही काढला नव्हता. मुलाला पाजलं तर अंगावर पाजलं म्हणायचं. मापाला छाती म्हणायचं. गाठ आली की 'इथे' म्हणायचं आणि बोट दाखवायचं. आमच्या घरात त्या जागेला नावच नव्हतं. मी कसाबसा शब्द उच्चारला आणि पदरी काहीतरी मोठं पडल्यासारखी खाली बसले.

आता मूळ गोष्ट.

एका संध्याकाळी मशीनचा पट्टा तुटला म्हणून मी लवकर घरी आले. स्वयंपाकघराचं दार लोटलेलं होतं. आत थोरला आणि माझी धाकटी बोलत होती. धाकटी म्हणजे माझी मुलगी, अजून लग्न नाही, कुणी विषय काढला की उठून जाते. मी चपला काढत होते, तेवढ्यात कानावर आलं.

"सीए आहे, नक्की झालंय," थोरला म्हणाला.

धाकटी काहीतरी पुटपुटली.

"नाही, फार पसरलेलं नाही. त्या बाबतीत आपलं नशीब चांगलं."

"आणि स्टेज?"

"स्टेज मोठी नाही. तारीख घेऊन ठेवलीय मी."

"आईला कधी सांगायचं?"

"इतक्यात नाही. उगाच घर डोक्यावर घेईल. जवळ आलं की बघू."

आणि धाकटी रडायला लागली.

तुम्हीच सांगा, यातून दुसरं काय समजायचं? सीए मुलगा. घर आटोपशीर, सासरचा गोतावळा फार पसरलेला नाही. स्टेज लहान, म्हणजे लग्नही साधंच, माझ्या मनासारखं. तारीखसुद्धा धरलेली. आणि पोरगी रडतेय, ती तर रडणारच. मी चपला पुन्हा पायात घातल्या, आवाज न करता बाहेर पडले आणि गल्लीला एक चक्कर मारून आले. जाताना मला हसू आवरत नव्हतं. कार्टी माझ्यापासून लपवतात काय. लपवा म्हटलं. मीही आश्चर्य वाटल्यासारखं करीन.

माझ्या दुकानाशेजारी इस्त्रीवाल्याचं दुकान आहे. त्याच्या पोटात काही राहत नाही, आणि म्हणूनच दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला सांगितलं.

"आमच्या धाकटीला सीएचं स्थळ आलंय. कुणाला बोलू नका एवढ्यात."

"वा ताई. म्हणजे आता हिशेबाची चिंता मिटली."

सगळ्या गल्लीला संध्याकाळपर्यंत कळणार होतं. कळू दे, असंच मला वाटत होतं.

माझ्याकडे गर्द हिरव्या रंगाचं एक कापड कितीतरी वर्षं ठेवलेलं होतं. मुलीच्या लग्नात मीच घालीन म्हणून कुणाला विकलं नव्हतं. ते काढलं. कुणाचंही कापड असो, माझी एक पद्धत आहे: आधी खडूने रेषा आखायची, गिऱ्हाइकाला समोर उभं करून दाखवायची, त्याने हो म्हटलं की मगच कात्री. कात्री लागली की मागे फिरता येत नाही, म्हणून. या वेळी गिऱ्हाईक मीच होते. आरशासमोर माप घेतलं, उभार नीट बसावा म्हणून चुण्या घालतात ते दोन्ही बाजूंचे टक नीट आखले, स्वतःलाच हो म्हणून कापलं आणि टक तेवढे शिवून ठेवले.

धाकटी त्या दिवसांत फार मऊ वागायची. माझे पाय चेपायची, मशीनवरून उठवायची, जेवताना टक लावून बघायची. एकदा मी तिला म्हटलं, "फार लळा लावू नकोस. जायचं ठरलेलंच असतं, आज ना उद्या." ती ताट तसंच टाकून उठली आणि न्हाणीघराचं दार लावून घेतलं. मला वाटलं, पोरीला आतापासून माहेर सुटल्याचं वाईट वाटतंय.

आणि मग वर्गात तो दिवस आला. हॉस्पिटलातली आखूड नावं शिकवायची होती. बीपी, ईसीजी सगळ्यांना येत होतं. एनबीएम म्हणजे ऑपरेशनच्या आधी तोंडाने काही द्यायचं नाही. मग सिस्टरनी फळ्यावर लिहिलं, सीए. मी शहाण्यासारखा हात वर केला.

"हिशेब तपासणारा."

मुली हसल्या. सिस्टरही हसल्या.

"बाहेर तेच. हॉस्पिटलात सीए म्हणजे कार्सिनोमा. कॅन्सर. पेशंट समोर बसलेला असतो, त्याच्यासमोर तो शब्द नको, म्हणून डॉक्टर आपापसात सीए म्हणतात. पेशंटला वाटतं कुणा तिसऱ्याच माणसाबद्दल बोलणं चाललंय."

मी हात खाली घेतला नव्हता.

"सिस्टर, फार पसरलेलं नाही म्हणजे?"

"म्हणजे दुसऱ्या अवयवात गेलेला नाही. चांगली गोष्ट असते."

"आणि स्टेज मोठी नाही म्हणजे?"

"म्हणजे वेळेत सापडला. लवकर ऑपरेशन केलं तर..." बोलता बोलता सिस्टर थांबल्या. त्यांनी खडू फळ्याच्या कडेला ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. पुढच्या बाकांवरच्या मुलीही वळून बघायला लागल्या.

खरं तर आधी भीती यायला हवी होती. भीती आली, पण ती खूप मागाहून, रांगेत उभी राहून आली. आधी आला तो राग. तळपायाची आग मस्तकात गेली म्हणतात ती मला जिना उतरताना पायरीपायरीला जाणवली. मी माझ्याच आजाराला जावई समजून गल्लीभर मिरवत होते. त्याच्या स्वागताला कापड कापून बसले होते. आणि माझी दोन्ही मुलं मला बघत होती, पाय चेपत होती, आणि गप्प होती.

दुकानाचं कुलूप काढत होते तर इस्त्रीवाला म्हणाला, "काय ताई, ठरलं का सीएचं?"

"ठरलं. पण धाकटीचं नाही. ते माझ्याच गळ्यात पडलं."

तो खो खो हसला. काय चेष्टा केली म्हणून हसला. मी त्याला हसू दिलं.

संध्याकाळी दोघंही घरी आल्यावर मी ते हिरवं कापड टेबलावर पसरलं.

"हे काय गं?" धाकटीने विचारलं.

"तुझ्या लग्नात घालायला कापलंय."

"कुठलं लग्न?"

"सीएशी ठरवलंय ना तुझ्या भावाने?"

धाकटीने भावाकडे पाहिलं आणि खुर्चीत मटकन बसली. थोरल्याचा चेहरा खडूसारखा झाला. "आई, तू ऐकून घे आधी," तो म्हणाला.

"ऐकूनच तर घेत आले. लिपो म्हणजे चरबी, ऑमा म्हणजे गाठ. तू सांगितलंस ते मी पाठ केलं. बरोबर आहे म्हणून तुझा खिसा शिवून ठेवला. अरे, खोटं बोलायचं होतं तर निदान आपल्या भाषेत तरी बोलायचंस. मला फसवायलाही तू त्यांचाच शब्द आणलास."

"तुला त्रास होऊ नये म्हणून..."

"ऑपरेशन कसलं आहे?"

"गाठ काढायचं."

"पूर्ण नाव सांग."

 धाकटीच म्हणाली, अगदी हळू, "मास्टेक्टॉमी."

एक्टॉमी. काज नाही, चीर नाही. कापून बाजूला. मी खुर्चीची पाठ धरली. "म्हणजे सगळंच?" मी विचारलं. "आणि मी शुद्धीवर आल्यावर, पट्टीखाली हात गेला की मला काय सांगणार होतात?"

"तेव्हा सांगणारच होतो आई," थोरला म्हणाला. "मी काय मजेत होतो का? मला झोप लागत नाही रात्रीची."

"माझ्या आजाराने तुझी झोप गेली आणि मी मजेत कपडे बेततेय. छान वाटणी केलीस."

तो उठून खिडकीशी गेला. रडत असावा. मला त्याची दया आली नाही असं नाही, पण राग तिच्यापेक्षा मोठा होता आणि मला तो सोडायचा नव्हता.

मी हॉस्पिटलात माझी मी जाणार होते. थोरला म्हणाला मी येतो. मी म्हटलं ये, पण बोलायचं नाही.

डॉक्टर वाईट माणूस नव्हता. थकलेला होता. मी समोर बसले तरी त्याची नजर सवयीने थोरल्याकडे गेली.

"इकडे बघा डॉक्टर. गाठ माझी आहे."

"तुम्हाला... सांगितलंय घरच्यांनी?"

"नाही. मी शोधून काढलं. तुम्ही का नाही सांगितलं?"

"घरचे म्हणाले, आई हाय खाईल. आम्ही मग घरच्यांचं ऐकतो."

"माझं घर म्हणजे मी नाही का?"

 मी पर्समधून शिवणाचा चपटा खडू काढला आणि उभी राहिले. "कुठून कुठपर्यंत कापणार ते दाखवा. मी दाखवल्याशिवाय कापत नाही, तुम्हीही कापायचं नाही."

त्याने खडू घेतला नाही. हात थोडा पुढे करून तो अंतरावरूनच सांगायला लागला, इथून सुरू, खालून वळण, वर काखेपर्यंत. तो सांगत गेला आणि अंगातल्या गडद निळ्या ड्रेसवर, वरूनच, मी माझ्या हाताने रेषा ओढत गेले. पांढरी, लांब रेषा.   थोरला भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होता.

"एवढी मोठी?" मी म्हटलं.

"दुसरा मार्गही आहे," डॉक्टर म्हणाले. "लम्पेक्टॉमी. फक्त गाठ आणि तिच्याभोवतीचा थोडा भाग काढायचा, बाकी ठेवायचं. मग काही आठवडे रोज येऊन किरणं घ्यावी लागतात. तुमच्या गाठीला दोन्ही चालण्यासारखं आहे. जिवाच्या दृष्टीने फारसा फरक नाही. चिरंजीवांना मी दोन्ही सांगितलं होतं."

"मग एकच कसं ठरलं?"

डॉक्टरांनी आधी थोरल्याकडे पाहिलं, मग चूक लक्षात येऊन माझ्याकडे. "ते म्हणाले, सगळंच काढा. या वयात आईला काय फरक पडतोय."



या वयात. मला रडू आलं ते तिथे, त्या वाक्याला, कॅन्सरला नाही. मला फरक पडत होता. खूप पडत होता. माझं अंग मला आवडतं, याही वयात आवडतं, आरशासमोर माप घेताना आवडतं. हे मी कुणाला कधी सांगितलं नाही, कारण कुणी विचारलंच नाही. आणि ज्याला अंगावर पाजून वाढवला तो इथे खुर्चीत बसून, मला बाहेर बाकावर ठेवून, दोन पर्यायांतला एक खोडून आला होता. गिऱ्हाइकाच्या पाठीमागे मी कुणाचं साधं पायपुसणं कापलं नसतं.

"मला विचार करायला वेळ पाहिजे," मी डोळे पुसून म्हटलं.

"तारीख तर ठरलीय..."

"ती त्याच्याशी ठरलीय. माझ्याशी नव्याने ठरवा."

पुढचे काही दिवस मी घरात कुणाशी कामापुरतंच बोलले. सिस्टरकडे गेले, दोन्हीची माहिती विचारली. वर्गाच्या खिडकीत बसून त्यांनी सगळं उलगडून सांगितलं, सल्ला मात्र दिला नाही. त्याबद्दल मी त्यांचे पाय धरायला तयार आहे. दार लावून आरशासमोर उभी राहिले. डावीकडे हात ठेवून पाहिला, काढून पाहिला. मुलाला खोटं पाडायचं म्हणून ती बाजू ठेवावी, असंही एकदा मनात आलं. पण रागावर अंगाचा निर्णय घ्यायचा इतकी मी खुळी नाही. रोज उठून किरणांना जायचं, दुकान बंद ठेवायचं, कापलेली कड साफ आली नाही, तिथे काही उरलं, तर पुन्हा कात्री. मला ते नको होतं. एकदाच कापायचं आणि शिलाई पक्की घालायची, हा माझा स्वभाव. मी डॉक्टरांना फोन करून सांगितलं, सगळं काढा. फोन ठेवल्यावर मी पोटभर रडले आणि मग तो अर्धवट शिवलेला हिरवा ड्रेस काढून डावीकडचा टक उसवला.

संध्याकाळी थोरला दुकानात आला. हॉस्पिटलातून त्याला कळलं होतं. त्याच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी जरा जीव आला होता. मागोमाग धाकटीही येऊन दारात टेकून उभी राहिली.

"आई, मग मी तरी वेगळं काय सांगितलं होतं?" तो म्हणाला. "शेवटी तेच ठरलं ना? उगाच एवढं सगळं केलंस."

मी मशीनवरचा पाय काढला.

"तू सांगितलं होतंस. आज मी सांगितलं."

"पण गोष्ट तर एकच."

त्याला खरंच कळलेलं नव्हतं. त्याच्या डोळ्यांत लबाडी नव्हती, नुसतं न कळणं होतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

"बस," मी म्हटलं. गिऱ्हाइकाच्या स्टुलावर तो बसला. "मला काय झालंय ते मला सांग. तू अजून एकदाही सांगितलेलं नाहीस."

"आई, आता कशाला..."

"सांग."

"सीए..."

"नीट सांग. तो हिशेब तपासणारा."

"कॅन्सर," तो म्हणाला. 

"कुठे?"

त्याने बोट दाखवलं.

"बोट नको. शब्द."

"छातीत."

"छाती तुलाही आहे. तुला झालाय का?"

त्याने धाकटीकडे पाहिलं. तिने तोंड उघडलं होतं, पण माझी नजर गेली तशी मिटलं. रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. थोरल्याचे कान लाल झाले होते, लहानपणी चोरी पकडल्यावर व्हायचे तसे.

"ब्रेस्ट..."

"ते डॉक्टरांना सांगायचं. जे कापा म्हणून तू सांगून आलास, त्याचं मला नाव घेऊन सांग."

त्याने मान खाली घातली. गुडघ्यावरचा हात मुठीत वळला, सुटला, पुन्हा वळला. मी थांबले. मला घाई नव्हती. मग त्याचे ओठ हलले, आणि तो शब्द त्याने इतक्या हळू उच्चारला की त्याच्या स्वतःच्याही कानापर्यंत गेला नसेल.

"मोठ्याने सांग," मी म्हटलं. "या वयात मला कमी ऐकू येतं."